काउंटीच्या रंगावर घर ठरवू नका

फेमा या अमेरिकी सरकारच्या आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या धोका-निर्देशांकाच्या नकाशात टेक्सासमधली हॅरिस काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) लालभडक आणि शेजारची फोर्ट बेंड फिकट, म्हणून ह्यूस्टनजवळ घर फोर्ट बेंडमध्येच घ्यावं, असा सल्ला दिला जातो; तो मला अजिबात पटत नाही. त्या निर्देशांकाचा पाया म्हणजे वर्षाकाठी अपेक्षित नुकसान, तेही डॉलरमध्ये. हॅरिसमध्ये २०२० च्या जनगणनेनुसार ४७ लाख लोक आहेत. जिथे घरं जास्त तिथे आकडा फुगणारच. तुमच्या एका घराला धोका किती, हे त्यातून कळत नाही.

फक्त पुराचं पाणी अडवण्यासाठी असलेल्या बार्कर धरणाचा पाणफुगवटा फोर्ट बेंडमध्येही शिरतो. एरवी तिथे कोरडी हिरवळ असते, त्यामुळे आपण धरणाच्या पोटात राहतोय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. २०१७ साली हार्वे चक्रीवादळात पाणी धरणासाठीच्या सरकारी जमिनीची हद्द ओलांडून वसाहतींत घुसलं. आमच्या मित्राच्या घरात ते कितीतरी दिवस तसंच उभं होतं. गॅरेजच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला उमटलेली तपकिरी रेघ मी स्वतः पुसायला गेलो होतो, निघाली नाही. त्याला पूरविमा सक्तीचा नव्हता, म्हणून त्याने घेतलाच नव्हता. तेव्हा कृपा करून बयाणा देण्याआधी वसाहतीचा नोंदणीकृत नकाशा मागवा आणि त्यावरची बारीक अक्षरातली टीप वाचा. तिथल्या काही नकाशांवर पाणी साठण्याची शक्यता लिहिलेली होती.