मदत हवी आहे: पोकेमॉन अनबाउंडमधील प्रगती जतन होत नाही

नमस्कार. मी सध्या ‘पोकेमॉन अनबाउंड’ हा चाहत्यांनी घडवलेला गेम संगणकावर एम्युलेटरमध्ये (गेम कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) खेळत आहे. 2004 च्या ‘पोकेमॉन फायररेड’ या मूळ गेमवर पॅच (गेममध्ये बदल करणारी फाइल) चढवून तो तयार होतो; पण त्यातील बॉरियस हा प्रदेश आणि तिथली कथा पूर्णपणे नवी आहे, आणि एवढे काम कुणी केवळ आवडीपोटी केले याचे मला मनापासून कौतुक वाटते.

अडचण अशी की, गेम सुरू होताच पडद्यावर ‘वन-एम सब-सर्किट बोर्ड बसवलेला नाही’ असा इंग्रजी संदेश येतो. ए बटण दाबल्यावर खेळ सुरळीत चालतो; मात्र मेन्यूतून सेव्ह करता येत नाही. एम्युलेटरची सेव्ह स्टेट तेवढी चालते, पण ती त्या क्षणीच्या मेमरीची जशीच्या तशी नक्कल असल्याने पॅचची नवी आवृत्ती चढवल्यावर तिच्यावर विसंबता येत नाही, आणि मला तर नव्या आवृत्तीवर याच पोकेमॉन संघासह पुढे जायचे आहे.

माझ्या वाचनानुसार एम्युलेटरमध्ये सेव्हचा प्रकार (सेव्ह साठवणाऱ्या मेमरीचा प्रकार व आकार) ‘फ्लॅश 64के’ऐवजी ‘फ्लॅश 128के’ असावा लागतो. तो बदलून जुनी सेव्ह स्टेट उघडली, तर जुनाच प्रकार परत लागू होईल का? तसे असल्यास सध्याची प्रगती खऱ्या सेव्ह फाइलमध्ये उतरवण्याचा कोणता खात्रीचा मार्ग आहे? ज्यांनी हे स्वतः केले आहे, त्यांनी कृपया क्रमवार सांगावे.