प्रति: सचिवांचे 14,200 रुपये द्यायचे का?

उत्सव मंडळाच्या मंडपासाठी सचिवांनी खिशातून घातलेले 14,200 रुपये त्यांना एकरकमी द्यायचे की अडवायचे, असा वाद इथे चालू आहे. आधी त्या आकड्याचे तुकडे करा. वायर, होल्डर, बांबू वेगळे, टेम्पो-हमाली वेगळी. यूपीआयचा स्क्रीनशॉट पैसे गेले एवढंच सांगतो, काय घेतलं ते नाही. मंडळाच्या नावाचं बिल हवंच. मागितलं तर दुकानदार सहसा डुप्लिकेट देतो. थर्मल कागदावरची पावती काही महिन्यांत पांढरीफटक पडते, म्हणून तिची झेरॉक्स त्याच दिवशी व्हाउचरला (खर्च मंजूर केल्याच्या सहीच्या कागदाला) जोडायची. हमाल बिल कुठून आणणार? तिथे व्हाउचरवर नाव, काम, तारीख, सही. रक्कम 5,000 च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट.

खरी गोची सह्यांची. ज्याला पैसे मिळणार त्यानेच व्हाउचर मंजूर केलेलं ऑडिटरच्या नजरेतून सुटत नाही. इथे अध्यक्ष आणि खजिनदारांनी सही करावी, ठरावावर सचिवांनी मत देऊ नये, तसं इतिवृत्तात लिहावं. बिलं असलेली रक्कम लगेच द्या, उरलेली कारणासह प्रलंबित ठेवा. सगळंच अडवलं की माणूस वर्गणीच्या रोखीतून परस्पर वळतं करून घेतो (हे फार होतं!) आणि मग जमेची बाजूच खोटी पडते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 41सीच्या परवानगीने गोळा केलेल्या वर्गणीचा हिशेब धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. पावतीपुस्तकं आणि बँकेतला भरणा तिथे जुळला पाहिजे.