अनुभव धागा: कोविडच्या साथीच्या काळात शाळा आणि कामाच्या जागा कशा साफ केल्या? (गोवा)

गोव्यात दहावी-बारावीचे वर्ग २१ नोव्हेंबर २०२० रोजी पुन्हा भरले. त्याच्या आधी आणि नंतर कितीतरी परिपत्रकं आली: काय पुसायचं, कशाने पुसायचं, दिवसातून किती वेळा. ती आजही कुठल्यातरी फाइलीत मिळतील. पण बादली कोणी उचलली, हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, क्लोरीनचं जंतुनाशक) कोणी कालवलं, पाऊस आत येत असताना खिडकी उघडी ठेवायची हे कोणी ठरवलं, याची नोंद कुठे सापडत नाही. ती इथे व्हावी म्हणून हा धागा.

शाळा, ऑफिस, कारखाना, हॉटेल, पंचायत, कुठलाही अनुभव चालेल. जमेल तितकं नेमकं लिहा: किती पाण्यात किती औषध, कोणतं फडकं, काय निभावलं, काय जमलंच नाही. संस्थेचं किंवा माणसाचं नाव मात्र घालू नका.

माझं मत आधीच सांगते. फवारणीवर आपण गरजेपेक्षा जास्त भर दिला, आणि फडकं मारणाऱ्या माणसाकडे फार कमी लक्ष दिलं. पटत नसेल तर तसंही लिहा.

सत्तरी तालुका, हायस्कूल शिक्षिका

मार्चमध्ये शाळेला कुलूप लागलं ते अख्खा पावसाळा. सत्तरीतला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळी होता होता वर्ग उघडले तर बाकांच्या खालच्या अंगाला पांढरी बुरशी, खडूच्या खोक्यांचा लगदा, आणि कोपऱ्यातल्या वर्गात वटवाघळांच्या लेंड्या. परिपत्रकात सोडियम हायपोक्लोराइट होतं, यातलं काहीच नव्हतं.

आमच्या हेडमास्तरांनी एक गोष्ट फार चांगली केली. औषधाला हात लावायच्या आधी सगळे बाक पटांगणात काढायला लावले. साबणाचं पाणी आणि नारळाचं सोडण घेऊन आम्ही ते घासले आणि कडक उन्हात वाळू दिले. लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, तोंडाला मास्क बांधून आधी पाणी मारायचं, मग गोळा करायच्या, असं ठरलं. विज्ञानाच्या सरांनी कारण सांगितलं: मळ राहिला तर क्लोरीन त्या मळावरच खर्ची पडतं, विषाणूपर्यंत पोचत नाही. उलट या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, ते साध्या साबणानेही फुटतं.

त्यानंतर हायपो. केंद्र सरकारच्या सूचनेत १ टक्का द्रावण होतं. आमच्याकडे ५ टक्क्यांचे कॅन आले होते, म्हणून एका मापाला चार मापं पाणी, रोज सकाळी ताजं. बाक ओला करून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. कड्या-कुलपांना ७० टक्के अल्कोहोल, कारण हायपोने लोखंड गंजतं. आमची इमारत जुनी, मंगळुरी कौलांची. वारा कुठूनही आत येतो. एरवी आम्ही त्याबद्दल कुरकुरत असू, त्या वर्षी मात्र स्लॅबच्या बंद वर्गांपेक्षा आमची मुलं जास्त मोकळ्या हवेत बसली.

म्हापसा, बँक

काउंटरसमोर प्लास्टिकचा पडदा लागला. लोक त्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन बोलत. पडदा कोणी आणि कधी पुसायचा हे कागदावर कुठेच नव्हतं. शेवटी आम्ही कॅशियर लोकांनीच आपापसात पाळी लावली.

फोंडा, सफाई कामगाराची मुलगी

माझी आई एका शाळेत कंत्राटावर साफसफाई करते. शाळा भरल्यावर तिचं काम दुपटीहून वाढलं. जिन्याचे कठडे, नळ, दाराच्या मुठी प्रत्येक सुटीनंतर पुसायच्या, बाथरूम वेगळं. पगार तोच राहिला.

हातमोजे मिळाले, पण दवाखान्यात वापरतात ते पातळ. पिळलेल्या फडक्याला धरून कठडा पुसायला घेतला की अंगठ्यापाशी फाटायचे. मग हायपो आत शिरून बोटांतच राहायचं. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की पीठ लागून बोटं चुरचुरायची. बोटांच्या टोकांची साल निघाली होती, आधार कार्डाच्या मशीनवर ठसा उठेना.

एकदा वरच्या माणसाने तिला सांगितलं, बाथरूमच्या ॲसिडमध्ये हायपो घाल, जास्त स्ट्राँग होईल. तिने घातलं. डोळ्यांतून पाणी, घशात आग, श्वास अडकला. दार जवळ होतं म्हणून ती बाहेर पळाली. दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. डब्यावरची सूचना इंग्रजीत, तीही बारीक अक्षरात. त्या रात्री मी पुठ्ठ्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: "हायपो आणि ॲसिड एकत्र नको. हायपो फक्त थंड पाण्यात." आईने तो पुठ्ठा सामानाच्या खोलीच्या दाराला लावला. हे काम माझं नव्हतं. ज्यांनी कॅन विकत घेतले त्यांचं होतं.

(धागाकर्ती)

फोंड्याच्या ताई, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. एक भर घालते. जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्याबाहेरच्या जागांसाठी ०.१ टक्का पुरेसं म्हटलं होतं, म्हणजे ५ टक्क्यांचं औषध लिटरमागे २० मिलिलिटर. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दसपट कडक वापरलं गेलं, आणि ते ज्यांच्या हातांवर गेलं त्यांच्याबद्दल आपण आत्ता वाचलं. आईंना चांगले मोजे नंतर मिळाले का? कोणते?

वेर्णा औद्योगिक वसाहत, शिफ्ट सुपरवायझर

आमच्या गेटवर एप्रिल २०२० मध्ये फवारणीचा बोगदा उभा राहिला. कामगार त्यातून ओले होऊन आत यायचे. १८ एप्रिलला आरोग्य मंत्रालयाने माणसांवर जंतुनाशक फवारू नका असं स्पष्ट सांगितलं, तेव्हा तो निघाला. बोटाच्या ठशाची हजेरीही बंद झाली.

खरी अडचण कँटीनमध्ये होती. टेबलं दर तासाला पुसली जायची, पण जेवताना मास्क खाली, एसी चालू, खिडक्या सील. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी रोगनियंत्रण संस्था) ५ एप्रिल २०२१ रोजी सांगितलं की दूषित पृष्ठभागाला हात लागून लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी. तो कागद घेऊन मी मॅनेजरकडे गेलो. त्यानंतर जेवणाच्या पाळ्या वाढवल्या, एक्झॉस्ट बसवले, बसच्या खिडक्या उघड्या ठेवायचा नियम झाला. वर्षभर आधी झालं असतं तर, असं आजही वाटतं.

कांदोळी, हॉटेल हाउसकीपिंग

२ जुलै २०२० पासून पाहुणे यायला लागले. आधी बाल्कनीचं दार उघडायचं, खोलीत वारा खेळू द्यायचा, मग आत शिरायचं. चादरी झटकायच्या नाहीत, आतल्या आत गुंडाळून पिशवीत भरायच्या. वरून खाली पुसत यायचं, बाथरूम शेवटी, आणि एका खोलीचं फडकं दुसऱ्या खोलीत न्यायचं नाही. रिमोट, स्विच आणि फ्रिजची मूठ अल्कोहोलने. हायपो लावलेले नळ साध्या पाण्याने परत पुसले नाहीत तर काळे पडतात. ही पद्धत आम्ही अजून सोडलेली नाही.

मडगाव, तेव्हाचा दहावीचा विद्यार्थी

आमची परीक्षा २१ मे २०२० ला सुरू झाली. दारात सॅनिटायझर दिलं, हात ओले असतानाच उत्तरपत्रिका हातात आली आणि पहिल्याच पानावर शाई पसरली. दुसऱ्या पेपरपासून आमच्या बाईच म्हणाल्या, "आधी हात वाळवा रे, मग बसा." सगळ्या खिडक्या उघड्या, वरून पंखे चालू, त्यामुळे पेपर उडायचे. बाईंनी पटांगणातून खडे आणून प्रत्येकाच्या बाकावर ठेवले होते.

डिचोली, पालक

मुलाला दमा आहे. शाळेत सकाळी वर्ग भरायच्या आधीच धुरासारखी फवारणी व्हायची आणि तो पहिल्या तासालाच पंप मागायचा. बंद खोलीत अशी नियमित फवारणी करू नये असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच म्हटलं होतं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत आम्ही तेवढंच मागितलं: फवारणी थांबवा, फडक्याने पुसा, आणि पुसणं संध्याकाळी शाळा सुटल्यावर करा, म्हणजे रात्रभरात वास जाईल. शाळेने ऐकलं. खर्चही कमी झाला.

फोंडा, सफाई कामगाराची मुलगी

आईला विचारून लिहिते. शाळेने दिले नाहीत, पालकांनी वर्गणी काढून आणले. जाड रबराचे, कोपरापर्यंतचे, आतून सुती अस्तर असलेले. मापाने घ्या असं ती म्हणते, सैल असले तर फडकं नीट पिळता येत नाही. एक जोड बाथरूमला, एक बाकांना, दोन वेगळ्या रंगांचे. काम झालं की मोजे हातात असतानाच साबणाने धुवायचे, मग काढायचे आणि उलटे करून सावलीत टांगायचे. उन्हात टाकले तर रबर चिरतं.