स्टॅमकोसने टँपा बे लाइटनिंग का सोडले?

सदरकर
लेक-जावई अमेरिकेत फ्लोरिडातील टँपाला राहत असल्यामुळे, नागपूरच्या भर उन्हाळ्यात कूलरसमोर बसून सकाळी-सकाळी बर्फावरची हॉकी पाहण्याची सवय मला लागली आहे. स्टीव्हन स्टॅमकोसला तेथील टँपा बे लाइटनिंग संघाने 2008 साली नवोदितांच्या वार्षिक निवडीत पहिल्या क्रमांकावर निवडले, 2014पासून तो कर्णधार होता आणि त्याच्याच काळात 2020 व 2021 असे लागोपाठ दोन स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगची विजेतेपदे, संघाला मिळाली. टँपासाठी 1082 सामन्यांत 555 गोल करणारा आणि शेवटच्या हंगामातही 40 गोल करणारा हा खेळाडू 1 जुलै 2024 रोजी टेनेसीतील नॅशव्हिलच्या संघाकडे गेला. पैशासाठी गेला म्हणावे, तर तेथे त्याला वर्षाला 80 लाख डॉलर मिळतात आणि टँपाच्या जुन्या करारात 85 लाख मिळत होते. मग नेमके कारण काय असावे?

हिशेबनीस
एनएचएल या उत्तर अमेरिकेतील हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारखर्चाला कमाल मर्यादा असते आणि 2024-25साठी ती 8 कोटी 80 लाख डॉलर होती. मालक कितीही गडगंज असला तरी त्यापलीकडे त्याला जाता येत नाही. टँपाचे आघाडीचे खेळाडू कुचेरोव्ह व पॉइंट आणि गोलरक्षक व्हॅसिलेव्हस्की हे तिघेच वर्षाला प्रत्येकी 95 लाख डॉलर घेत असल्याने मर्यादेचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तेथेच संपत होता. जूनच्या अखेरीस संघाने बचावपटू सर्गाचेव्हला युटाच्या संघाकडे पाठवून पगारमर्यादेत जागा मोकळी केली, तेव्हा ती कर्णधारासाठीच असावी असे अनेकांना वाटले; प्रत्यक्षात ती बाहेरून आणलेल्या जेक गेंट्झेल या आघाडीच्या खेळाडूला, सात वर्षांसाठी वार्षिक 90 लाखांनी, देण्यात आली. गेंट्झेल तेव्हा 29 वर्षांचा होता आणि स्टॅमकोस 34 वर्षांचा. शिवाय करारवाढीची बोलणीच सुरू झाली नसल्याबद्दल स्टॅमकोसने 2023च्या सप्टेंबरमध्येच जाहीर नाराजी व्यक्त केली होती, त्यामुळे हे सारे एका रात्रीत घडले असे मानण्याचे कारण नाही. कराचा मुद्दाही येथे गैरलागू आहे, कारण फ्लोरिडा आणि टेनेसी या दोन्ही राज्यांत पगारावर राज्याचा आयकर नाही.

धरमपेठी
थोडक्यात, गरज सरो नि वैद्य मरो! 2020च्या अंतिम फेरीत हा दुखापतग्रस्त माणूस केवळ 2 मिनिटे 47 सेकंद खेळला आणि तेवढ्यात गोल करून गेला. अशा खेळाडूला पाच-दहा लाखांच्या फरकावरून जाऊ देणे मला पटत नाही. आपल्याकडे वसीम जाफर मुंबई सोडून विदर्भाकडे आला तो पस्तिशी उलटल्यावर, आणि 1 जानेवारी 2018 रोजी इंदूरला विदर्भाने पहिला रणजी करंडक जिंकला तेव्हा तोच नाबाद होता. पुढच्या हंगामात तर त्याने हजाराहून अधिक धावा केल्या. वय पाहून माणूस मोडीत काढणाऱ्यांनी विदर्भाच्या जामठा मैदानावर येऊन चौकशी करावी.

हिशेबनीस
जाफरचा दाखला मला मान्य आहे, परंतु तो स्टॅमकोसला पुरता लागू पडत नाही. जाफरला घेताना विदर्भाला सात-आठ वर्षांचा शब्द द्यावा लागला नव्हता, आणि रणजी संघाला अशी पगारमर्यादाही नसते. येथे एकाला दिलेला डॉलर दुसऱ्याच्या वाट्यातून कापला जातो. 2024-25मध्ये गेंट्झेलने टँपासाठी 41 गोल केले, तर नॅशव्हिलमध्ये स्टॅमकोसचे 27 झाले आणि त्याच्या नव्या संघाला बाद फेरीही गाठता आली नाही. अर्थात ते अपयश त्याच्या एकट्याचे नव्हते. स्टॅमकोसला घेतले त्याच दिवशी मार्शसो आणि शे या खेळाडूंनाही करारबद्ध करून मोठा जुगार खेळलेला तो संघ मुळातच विस्कळीत निघाला.

सदरकर
आता उलगडा झाला. मी आजवर त्यालाच दोष देत होतो, पण नॅशव्हिलने चार वर्षांची हमी दिली आणि टँपाने आपला पैसा आधीच दुसऱ्यावर लावला होता, हे पाहता त्याच्यापुढे फारसा पर्याय उरला नव्हता. जावयाने मात्र 91 क्रमांकाची निळी जर्सी अजून बदललेली नाही.