मदत हवी आहे: ऑनलाइन कोर्सच्या ग्रुपवर नुसती उत्तरं फिरतात, एकत्र अभ्यास कसा सुरू करायचा?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते. आम्ही नऊ जण मिळून एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या उपक्रमाचा) पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोर्स करतोय. कुणी बार्शीत, कुणी मंगळवेढ्यात, दोघं अक्कलकोटकडचे. भेटणं जमत नाही म्हणून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. लेक्चर इंग्रजीत आणि आम्ही बहुतेक मराठी माध्यमाचे, तर अडेल ते एकमेकांना विचारू, असं ठरलं होतं.

पण आठवडाभर ग्रुप चिडीचूप असतो. असाइनमेंटची मुदत संपायच्या रात्री "कुणी सोडवलं का?" येतं आणि पाठोपाठ उत्तरांचा फोटो. असाइनमेंटला 25 गुण आहेत, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75. प्रमाणपत्राला परीक्षेत किमान 30 तरी हवेत, आणि ते ज्याचे त्यालाच मिळवायचेत. दोघं-तिघं तिथं अडकतील असं मला स्पष्ट दिसतंय.

एकदाच खरी मजा आली होती. यादी होती 2, 4, 6, 7. लूप (तीच कृती यादीतल्या एकेका जागेवर करत जाणारा कोड) फिरवून सम संख्या काढून टाकायच्या, तर उरायला हवा फक्त 7, पण 4 पण उरत होता. बार्शीच्या ताईंनी कागदाच्या चार चिठ्ठ्या मांडून व्हिडिओ टाकला: 2 उचलला की 4 सरकून त्याच्या जागी येतो, लूप मात्र पुढच्या जागेवर जातो, म्हणून 4 तपासलाच जात नाही. त्या दिवशी रात्री उशिरापर्यंत सगळे बोलत होते, एरवी गप्प असणारेसुद्धा.

असं रोज व्हावं म्हणून वाचत होते, तेव्हा 'जिगसॉ' पद्धत सापडली. मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या शाळांत ती सुरू केली. धड्याचे तुकडे करायचे, प्रत्येकानं एक नीट शिकून बाकीच्यांना शिकवायचा. इतिहासाला हे छान बसेल. पण प्रोग्रॅमिंगमध्ये ज्याच्याकडं फंक्शन (एका नावाखाली बांधलेला कोड) आलं, त्याला आधी लूप यायला नको का? इथं एक पायरी सुटली की पुढचं सगळंच अडतं.

तर ज्यांनी असा ग्रुप चालवलाय त्यांनी सांगा:
प्रोग्रॅमिंगमध्ये काम वाटायचं कसं? सगळ्यांना तोच प्रश्न देऊन फक्त चुका शोधायचं काम वाटलं तर चालेल का?
आणि उत्तरांचे फोटो बंद करायला कुणाला न दुखावता काय सांगावं? त्यातले दोघं दिवसभर कारखान्यात राबून रात्री अभ्यासाला बसतात, त्यांना ग्रुप सोडावासा वाटू नये.