प्रतिसाद: गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या

वर कुणीतरी लिहिलंय की बॅगेत जागा वाचवायला गोळ्या स्ट्रिपमधून काढून वारांच्या डबीत (सोमवार, मंगळवार असे कप्पे असलेल्या) भरा, ते परदेशी जाताना अजिबात करू नका; सुटी गोळी कसली आहे ते बघून कळत नाही. तिथे औषध महाग पडतं म्हणून इथूनच न्या हे बरोबर, पण स्ट्रिपमध्ये, आणि सोबत जेनेरिक नाव (कंपनीचं नाही, आतल्या औषधाचं) लिहिलेली चिठ्ठी.

आईला दुबईला नेताना तिची गुडघ्याची गोळी, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात ट्रॅमाडॉल लिहिलेलं, ते तिथे कंट्रोल्ड, म्हणजे सरकारी नियंत्रणातलं औषध आहे, आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते. आमच्या डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, ती आठ दिवस इथेच घेऊन बघितली आणि मगच निघालो. बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा, चेक-इनमध्ये नको.