'कन्सेन्सस'ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

चाटीगल्ली : आम्ही सोलापुरातली काही मंडळी यंत्रमाग कारखान्यांच्या हिशेबासाठी एक मुक्तस्रोत (ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर लिहितोय. आता बाहेरगावची माणसंही कोड पाठवू लागलीत, म्हणून निर्णय कसे घ्यायचे याची नियमावली मराठीत लिहायला घेतली. 'कन्सेन्सस'पाशी गाडी अडली. मतैक्य, सहमती, सर्वसंमती, कोशात सगळंच सापडतं. यातलं काय घ्यावं?

सूचक-अनुमोदक : 'सर्वानुमते' घ्या की! सोसायटीच्या वार्षिक सभेत तेच लिहितो आपण. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, ठराव सर्वानुमते मंजूर.

जुना हातमाग : नका घेऊ. सर्वानुमते म्हणजे हजर असलेल्या प्रत्येकाचं मत ठरावाच्या बाजूनं पडलं. (इतिवृत्तात ते कसं पडतं, हे सोसायटीत राहणाऱ्यांना सांगायला नको.) मुक्तस्रोत प्रकल्पात सगळ्यांची मतं गोळाच होत नाहीत. अपाचे या मुक्तस्रोत संस्थेच्या प्रकल्पांतली रीत बघा. बदल मांडायचा, साधारण ७२ तास वाट पाहायची. जगभरचे लोक फावल्या वेळात काम करतात, त्यांना बघायला सवड हवी म्हणून ही मुदत. कुणी आडवं आलं नाही तर पुढं जायचं. तिथं प्रत्येकाच्या होकाराची वाट बघत बसत नाहीत.

शेंगाचटणी : मग 'मौन संमती' म्हणा.

जुना हातमाग : नको वाटतं. त्यात न बोलणाऱ्याच्या गळ्यात होकार बांधल्यासारखं होतं. तो गड्ड्याच्या जत्रेत असेल, त्यानं बदल पाहिलाच नसेल. आपल्याकडं यापेक्षा चांगला शब्द रोजच्या पेपरात छापून येतो. जमिनीच्या व्यवहाराची जाहीर नोटीस आठवा: मुदतीत लेखी हरकत न आल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण करण्यात येईल. महापालिकाही 'हरकती व सूचना' मागवते. 'मला मान्य आहे' आणि 'माझी हरकत नाही' यांत केवढं अंतर आहे, ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सारी पद्धत त्या अंतरावरच उभी आहे.

सूचक-अनुमोदक : आणि हरकत आलीच तर? एकानं अडवलं की सगळं ठप्प?

जुना हातमाग : अपाचेत मत आकड्यात देतात, बाजूनं अधिक एक, विरोधात उणे एक. कोडच्या बदलाला मताचा हक्क असलेल्या सदस्यानं उणे एक दिलं तर तो नकाराधिकार ठरतो. पण सोबत तांत्रिक कारण लागतं. कारण नसलेलं उणे एक बाद. नव्या आवृत्तीच्या प्रकाशनाला मात्र नकाराधिकार नाही. तिथं प्रकल्पाच्या व्यवस्थापन समितीतल्या किमान ३ जणांचं 'अधिक एक' हवं आणि विरोधापेक्षा पाठिंबा जास्त हवा.
इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफमध्ये हे आणखी स्पष्ट आहे. तिथं मतदान टाळतात, सभेत चक्क हुंकार देऊन कल अजमावतात. त्यांच्या २०१४ च्या आरएफसी ७२८२ या दस्तऐवजाचा आशय असा की हरकतीचा विचार झालाच पाहिजे, पण ती मान्य झालीच पाहिजे असं नाही. आपल्या सरकारी मराठीत याला 'हरकत निकाली काढणे' म्हणतात. तेव्हा माझ्या मते, हरकती निकाली निघाल्या की झाली सहमती.

पेठेतला : एक शंका. आमच्यातले निम्मे घरी तेलुगू बोलतात, बाहेर हिंदी. हिंदीत 'हरकत' म्हणजे चाळे. घोळ होणार नाही का?

शेंगाचटणी : 'काय हरकत नाही' सगळ्या सोलापूरला कळतंय. चालतंय की.

पेठेतला : बरं, मग आमचे मूळ लेखक आहेत त्यांना काय म्हणायचं? शेवटचा शब्द त्यांचाच असतो. इंग्रजीतला 'तहहयात दयाळू हुकूमशहा' त्यांना अजिबात आवडत नाही.

शेंगाचटणी : 'तहहयात कारभारी'. फक्त बायकोच्या तोंडून ऐकू आलं तर कोणता कारभारी ते विचारून घ्यायचं.

चाटीगल्ली : 'तहहयात' नको. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम तहहयातच होते, पण पीईपी ५७२ या बदलाच्या प्रस्तावावरच्या वादानंतर जुलै २०१८ मध्ये त्यांनी ते पद सोडलं. २०१९ पासून ५ जणांची निवडून आलेली सुकाणू समिती आहे, आणि एकाच कंपनीतले २ पेक्षा जास्त लोक तिच्यात बसू शकत नाहीत. ही अट मी जशीच्या तशी उचलणार आहे. आमच्याकडंही एकाच कारखान्याचे तिघं आहेत.

सूचक-अनुमोदक : म्हणजे शेवटी मतदान आलंच ना!

जुना हातमाग : माणसं निवडायला येतंच. डेबियन या लिनक्स प्रकल्पात प्रमुख दरवर्षी निवडतात आणि मतदार पसंतीक्रम लावतात, आपल्या पदवीधर मतदारसंघासारखा. मोजणी वेगळी, प्रत्येक उमेदवाराची प्रत्येकाशी जोडी लावून. तिथं 'यांपैकी कोणीही नाही' जिंकलं तर निवडणूक पुन्हा घ्यावी लागते. आपल्या विधानसभेच्या नोटासारखं ते शोभेपुरतं नाही.

पेठेतला : आणि 'फोर्क'ला, म्हणजे तोच कोड घेऊन स्वतंत्र प्रकल्प काढण्याला, 'वेगळी चूल' लिहू का? आयओ.जेएसनं २०१४ च्या शेवटी नोड.जेएस या जावास्क्रिप्ट प्रकल्पापासून वेगळी चूल मांडली आणि २०१५ मध्ये परत एकत्र आले.

जुना हातमाग : बोलताना झकास आहे. नियमावलीत 'फोर्क'च ठेवा, कोड लिहिणारा तेच म्हणतो.

चाटीगल्ली : तर कलम असं होतंय: "बदल मांडल्यापासून ७२ तासांत कारणासह हरकत न आल्यास, अथवा आलेल्या हरकती निकाली निघाल्यास, बदल सहमतीने स्वीकारला असे समजावे." काही सुचतंय का?

सूचक-अनुमोदक : निकाली कोण काढणार, तेही लिहा. ज्यानं बदल मांडला त्यानंच काढली तर काय उपयोग?